दुधाच्या दातांचे दिवस

कुत्र्याचे पिल्लू माणसाला चावते ते क्वचितच रागाने. जन्मानंतर दहा ते चौदा दिवसांनी त्याचे डोळे उघडतात, तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास त्याला नीट ऐकू येऊ लागते आणि त्याच वेळी हिरड्यांतून दुधाचे दात वर येतात. पुढच्या काही आठवड्यांत असे 28 दात तोंडात भरतात. पंजाने वस्तू उचलून पाहता येत नाही, म्हणून समोर आलेली प्रत्येक गोष्ट तोंडात धरून, ओढून, चावून पाहणे हीच त्याची ओळख करून घेण्याची रीत. चपलेचा पट्टा, गोधडीचा कोपरा, बाजेची दोरी, लुगड्याचा काठ आणि माणसाची बोटे यांत पिल्लाच्या लेखी काहीच फरक नसतो. तो फरक शिकवावा लागतो, आणि शिकवण्याचा काळ फार मोठा नसतो.

पहिला धडा आई देते. दात आले की दूध पिताना पिल्लू आचळाला चावते. अशा वेळी आई कधी गुरगुरते, पण बहुतेकदा नुसती उठते आणि चालू लागते. दूध बंद होते. भावंडांतही हेच घडते. खेळताना एकाने दुसऱ्याचा कान जोरात धरला की दुसरे केकाटते आणि खेळ सोडून बाजूला होते. थोड्या वेळाने दोघे पुन्हा भिडतात, तेव्हा पकड जराशी सैल झालेली असते. जबड्याचा जोर आवरणे पिल्लू असे शिकते, आणि ते मुख्यतः चौथ्या ते आठव्या आठवड्यात. माणसाने पुढे जे शिकवायचे ते याच धड्याला धरून. दात जोरात लागले की हवी असलेली गोष्ट थांबते, दात आवरले की ती पुन्हा मिळते.

प्रकाशा हे नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा तालुक्यातले, तापी आणि गोमाई यांच्या संगमावरचे गाव. केदारेश्वराच्या दर्शनाला आणि घाटावरच्या उत्तरकार्याला येणाऱ्यांची इथे वर्दळ असते, त्यामुळे गावकुत्र्यांना खायला मिळते. गावाबाहेर ऊस, केळी आणि पपई. मळ्यात राखणीला कुत्रे लागतेच, पण ते विकत आणण्याची रीत नाही. गावातली एखादी कुत्री व्याली की तिच्या पिल्लांतले धष्टपुष्ट, बहुधा नर, पिल्लू उचलून मळ्यात नेले जाते. कुत्रीचा गर्भकाळ साधारण 63 दिवसांचा असतो. पावसाळ्याच्या अखेरीस गाभण राहिलेल्या कुत्र्यांची पिल्ले हिवाळ्याच्या तोंडाशी जन्मतात. ऊसतोड सुरू झालेली असते, दादर ज्वारी पोटऱ्यात येत असते, आणि मळ्याला राखणदार हवाच असतो. म्हणून पिल्लू चार-पाच आठवड्यांचे झाले की, म्हणजे भावंडांकडून शिकण्याचे दिवस नुकते सुरू होताच, ते उचलले जाते.

पुढच्या बऱ्याच तक्रारींचे मूळ इथे सापडते. लवकर तोडलेली पिल्ले जास्त जोरात चावतात, कारण आपले दात दुसऱ्याला किती लागतात हे त्यांना कोणी कळवलेलेच नसते. आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकू नये, असे भारतात 2017 च्या श्वानपैदास व विक्री नियमांनी ठरवले आहे. मळ्यात फुकट नेलेल्या पिल्लाला हा नियम कोणी लावत नाही, पण त्यामागचे कारण त्यालाही तितकेच लागू पडते. आई आणि भावंडे जिथे असतील तिथेच पिल्लू आठ आठवडे राहू द्यावे, हवे तर आधीच हेरून ठेवावे आणि रोज जाऊन त्याला हाताळावे. वाहनाखाली येऊन आई मेली, असेही रस्त्याकाठच्या गावात घडते. तेव्हा दोन भावंडे काही आठवडे एकत्र ठेवणे, किंवा शांत स्वभावाच्या एखाद्या मोठ्या कुत्र्याजवळ पिल्लू वाढवणे, हा त्यातल्या त्यात चांगला उपाय ठरतो.

दुसरे मूळ माणसांच्या अपेक्षेत आहे. मळ्याचे कुत्रे ‘तिखट’ असले पाहिजे, असे सगळ्यांना वाटते. म्हणून पिल्लू लहान असताना पोरे हात पुढे करून त्याला डिवचतात, ते बोटाला लोंबकळले की मोठी माणसे कौतुकाने हसतात. त्याला मिरची खाऊ घालावी, कान कापावेत, दिवसभर साखळीला बांधून ठेवावे म्हणजे ते तापट होते, असेही समज आहेत. यांतल्या कशानेही राखण सुधारत नाही. मिरचीने पोट बिघडते. कान कापण्याने जनावराला विनाकारण यातना होतात, आणि प्राण्याचा अवयव असा कापणे 1960 च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. सतत साखळीला असलेले कुत्रे माणसांना घाबरायला शिकते, आणि घाबरलेले कुत्रे कोणाला चावेल याचा भरवसा नसतो.

मळ्यात कोण कोण येते ते पाहिले म्हणजे ही गोष्ट स्पष्ट होते. सालदार आणि त्याची बायकामुले, निंदणीच्या बाया, केळीचा घड कापणारे मजूर, ट्रक घेऊन आलेला व्यापाऱ्याचा माणूस, वायरमन, दुपारची भाकर घेऊन येणारे पोर. चावरे कुत्रे चावते ते यांनाच, कारण रोज समोर येतात ती हीच माणसे. चोर वर्षातून एखाद्या रात्री येतो, आणि त्याला परतवायला दणदणीत भुंकणे बहुधा पुरते. अनोळखी माणसावर भुंकणे हे कुत्र्यात वयाबरोबर, साधारण सहा महिन्यांनंतर, आपोआप येते. ते शिकवावे लागत नाही. धुळे-नंदुरबार भागात मेंढ्या घेऊन फिरणाऱ्या ठेलाऱ्यांच्या वाड्यावरची कुत्री पाहावीत. रात्री जवळ येणाऱ्याला ती कळपापासून दूर रोखतात, पण त्याच वाड्यावरची लहान पोरे त्यांच्या अंगाखांद्यावर खेळतात. पिल्लूपणापासून ती मेंढरांत आणि माणसांत वाढलेली असतात. चांगल्या राखणदाराचे लक्षण ते हेच.

पिल्लू घरी किंवा मळ्यात आले की शिकवणे त्याच दिवशी सुरू करावे. खेळता खेळता त्याचे दात हाताला लागले तर हात झटकन ओढून घेऊ नये. पळणारी वस्तू धरावी हा पिल्लाचा स्वभाव असल्याने झटका बसला की ते अधिक जोरात धरते, आणि कातडी फाटते ती बहुधा या ओढाताणीत. हात सैल सोडून स्थिर ठेवावा, खेळ तिथेच थांबवावा, एकच ठरलेला शब्द शांतपणे उच्चारावा. ‘सोड’ हा शब्द चांगला. पिल्लाने सोडले की लगेच शाबासकी द्यावी आणि खेळ पुन्हा सुरू करावा. सोडले नाही, किंवा सोडून पुन्हा झेप घेतली, तर आईने केले तेच करावे. उठावे, पाठ फिरवावी आणि अर्धा-एक मिनिट त्याला एकटे सोडावे. त्याहून जास्त वेळ गेला तर आपण कशामुळे एकटे पडलो हे पिल्लाच्या ध्यानात राहत नाही. भावंडासारखे केकाटून दाखवावे असाही एक उपाय सांगितला जातो. काही पिल्ले त्याने खरोखर थबकतात. पण जोमदार पिल्लू त्या आवाजाने आणखी चेकाळते, आणि तसे दिसले की तो उपाय सोडून द्यावा.

यात एक क्रम पाळण्याजोगा आहे आणि तो बहुतेकांकडून उलटा होतो. सुरुवातीला दात अजिबात लागू न देण्याचा आग्रह धरण्यापेक्षा जोर कमी करायला शिकवणे महत्त्वाचे. पहिले काही आठवडे फक्त दुखणाऱ्या चाव्यावर खेळ थांबवावा, हलके तोंड लावले तर लावू द्यावे. पिल्लू सौम्य झाले की मग त्या हलक्या दातांवरही खेळ थांबवावा, आणि शेवटी माणसाच्या कातडीला दात लावायचेच नाहीत इथपर्यंत यावे. जबड्याचा जोर आवरायला शिकलेले कुत्रे पुढे कधी भीतीने किंवा वेदनेने चावलेच, तरी जखम खोल होत नाही. पायावरून बैलगाडीचे चाक गेलेले कुत्रे धन्यालाही चावू शकते. पण तो चावा ओरखड्यावर थांबेल की हाडापर्यंत जाईल, हे त्याच्या पहिल्या चार-पाच महिन्यांत ठरलेले असते.

हाताऐवजी चावायला काहीतरी द्यावेच लागते. सुती दोरखंडाचा गाठी मारलेला जाड तुकडा, ओला करून गार केलेला पंचाचा पिळा, थंड गाजर हे सहज मिळणारे. जुनी चप्पल देऊ नये, कारण जुनी आणि नवी चप्पल यांतला भेद पिल्लाला कळत नाही. शिजवलेल्या कोंबडीची हाडे चिरफळतात आणि घशात किंवा आतड्यात रुततात, म्हणून तीही नकोत. दोरखंडाची ओढाओढ खेळायला हरकत नाही. ‘सोड’ म्हटल्यावर सोडणे याच खेळात उत्तम शिकवता येते.

लुगड्याच्या किंवा धोतराच्या काठाला लागणे हा प्रकार वेगळा. तिथे पिल्लू हलत्या वस्तूचा पाठलाग करत असते. ओढून चालत राहिले तर त्याला खेळ मिळतो. जागच्या जागी थांबावे, काठ सैल पडू द्यावा, पिल्लाने सोडले की त्याला दोरखंड दाखवून पुढे निघावे. लहान मुलांना हे जमवणे सर्वांत अवघड. मूल घाबरून पळते, किंचाळते, हात वर उडवते, आणि या तिन्ही गोष्टींनी पिल्लाला उधाण येते. मुलाला झाडासारखे उभे राहायला शिकवावे, हात छातीशी घेऊन, तोंड वळवून. हे मुलाला एकदा खेळ म्हणून, पिल्लू समोर नसताना करवून घेतले की वेळेला आठवते. तरीही पाच-सहा वर्षांचे मूल आणि पिल्लू यांना मोठ्या माणसाच्या नजरेआड एकत्र सोडू नये.

संध्याकाळी पिल्लू अचानक वेड्यासारखे धावते, दिसेल त्याला चावते, कशानेच आवरत नाही. ही तक्रार घरोघरी ऐकू येते आणि कारण बहुधा थकवा हेच असते. या वयात पिल्लाला दिवसाचे अठरा-वीस तास झोप लागते. माणसांच्या घरात, पोरांच्या गराड्यात ती मिळत नाही. त्यात खानदेशचा उन्हाळा, जिथे पारा 43-44 अंशांवर जातो. दुपारभर तापलेल्या पत्र्याखाली बांधलेले पिल्लू सूर्य कलल्यावर सुटते तेव्हा चिडचिडे झालेले असते. त्याला शिकवण्याची वेळ पहाटेची किंवा ऊन उतरल्यावरची. दुपारी सावली, पाणी आणि निवांत जागा द्यावी. संध्याकाळच्या त्या उधाणात शिकवायला जाऊ नये, सरळ झोपायला लावावे. झोपेची जागा रात्री तरी घराजवळ, बंद असावी. शहादा-तळोदा पट्ट्यातल्या उसात बिबट्याचा वावर आहे, आणि बांधावर एकटे बांधलेले पिल्लू ही त्याची सहज शिकार.

एकदा शिकवणे सुरू केल्यावर काही दिवस चावणे कमी होण्याऐवजी वाढते. आजवर बोट धरले की माणूस हसायचा, ओरडायचा, आता काहीच होत नाही, म्हणून पिल्लू आणखी जोर लावून पाहते. बहुतेक घरे इथेच हार मानतात. या दिवसांत एकाने जरी जुना खेळ खेळू दिला, तर अधिक जोर लावला की मिळते असा उलटा धडा पिल्लू घेते, आणि तो मोडणे पहिल्यापेक्षा कठीण. एकत्र कुटुंबात आजोबा ओट्यावर बसून पिल्लाला बोटे चोखू देतात, सून त्याच गोष्टीवर ओरडते, पोरे मुद्दाम डिवचतात. पिल्लू यातून एवढेच शिकते की माणसांचा नेम नाही. म्हणून शिकवण्याचा निम्मा भाग घरातल्या माणसांशी बोलण्याचा असतो. शब्द एकच, वागणे एकच, आणि हे सालदाराच्या घरालाही सांगायचे, कारण मळ्यात पिल्लाचा बहुतेक दिवस त्यांच्याजवळ जातो. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडे आणणाऱ्यांना ही गोष्ट सांगावी लागत नाही. शिंगराने लाडात धरलेली बाही पुढे घोड्याच्या जबड्यात सापडते हे ते जाणून असतात, आणि शिंगराला तोंड लावू देत नाहीत.

मारण्याविषयी स्वतंत्र बोलले पाहिजे, कारण पहिला हात काठीकडे जातो. नाकावर चापट मारणे, जबडा मुठीत आवळणे, मानगूट धरून हलवणे, उताणे पाडून दाबून धरणे हे उपाय सर्रास होतात आणि त्या क्षणी पिल्लू दबलेलेही दिसते. त्यातून ते शिकते की माणसाचा जवळ येणारा हात धोक्याचा आहे. गुरगुरल्याबद्दल मार खाल्लेले पिल्लू गुरगुरणे सोडते, पण त्यामागची भीती जात नाही. मोठेपणी असे कुत्रे इशारा न देता चावते, आणि लोक म्हणतात की काही कारण नसताना चावले. गुरगुरणे ही सूचना आहे. ती ऐकून मागे सरावे आणि पिल्लाला कशाची अडचण झाली ते शोधावे.

जेवताना कोणी जवळ आले की ताठरणे हा खेळाचा चावा नव्हे. मळ्यात दोन-तीन कुत्री एकाच घमेल्यात खात असतील, तर लहान पिल्लाला अन्न राखण्याची सवय फार लवकर लागते. त्याला वेगळे खायला द्यावे. ते खात असताना ताटली ओढून घेऊन परीक्षा पाहू नये. उलट जवळून जाताना त्याच्या पुढ्यात भाकरीचा चांगला तुकडा, अंड्याचा बलक असे काही टाकावे आणि पुढे निघून जावे. माणूस जवळ आला की वाट्याचे वाढते, असा अनुभव आठ-दहा दिवस आला की पिल्लू सैल होते.

याच काळात पिल्लाला तऱ्हेतऱ्हेची माणसे भेटली पाहिजेत. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अमेरिकेतल्या बार हार्बर येथे अनेक वर्षे पिल्लांचा अभ्यास करून 1965 मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यांतले अनुभव कुत्र्याच्या पुढच्या स्वभावावर सर्वांत खोल ठसा उमटवतात, असे त्यांनी दाखवले. टोपीवाला म्हातारा, डोक्यावर भारा घेतलेली बाई, मोटरसायकल, ट्रॅक्टर, फवारणीचा पंप पाठीवर घेतलेला माणूस हे सगळे पिल्लाने या वयात पाहिलेले असावे. लसीकरण पुरे झालेले नसते, म्हणून अनोळखी कुत्र्यांत जमिनीवर सोडू नये, कडेवर घेऊन फिरवावे. महाशिवरात्रीला घाटावर गर्दी उसळते तेव्हा हिवाळ्यातली पिल्ले नेमकी दोन-तीन महिन्यांची, चावऱ्या वयाची असतात. त्या गर्दीत प्रसाद हातात घेतलेल्या मुलांमध्ये पिल्लू मोकळे सोडणे कोणाच्याच हिताचे नाही.

साडेतीन-चार महिन्यांचे झाल्यावर दुधाचे दात पडू लागतात. हिरड्या दुखतात, चावणे पुन्हा वाढते, आणि शिकवलेले वाया गेले असे वाटते. तसे नसते. गार पिळा आणि गाजर या दिवसांत जास्त द्यावे, नियम तेच ठेवावेत. सहा-सात महिन्यांत पक्के 42 दात येतात. तोवर सवय गेली नाही तर पुढचा चावा पक्क्या दातांचा आणि भरलेल्या जबड्याचा असतो.

पिल्लाचा चावा लहान म्हणून सोडून देणे धोक्याचे आहे. रेबीज पिल्लांनाही होतो, आणि लक्षणे दिसू लागल्यावर तो जवळजवळ नेहमी जिवावर बेततो. लस न दिलेल्या पिल्लाचा दात लागून ओरखडा उठला, रक्त आले नाही तरी, जागा साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. जखमेवर तिखट, चुना, हळद, तंबाखू लावू नये. त्याने जखम चुरचुरते आणि विषाणू धुऊन काढण्याचा वेळ वाया जातो. भगताकडे जायचे असेल तर लस टोचून घेतल्यावर जावे, तिच्याऐवजी नाही. पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतात या जुन्या आठवणीने अजूनही माणसे टाळाटाळ करतात. ती लस मेंढीच्या मेंदूपासून बनत असे आणि भारतात 2005 पासून ती वापरात नाही. आताची लस दंडात देतात. ती कातडीत टोचली तर तिचे दिवस असतात पहिला, मग त्यापासून तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा. रक्त आलेल्या जखमेला याशिवाय जखमेतच टोचण्याचे प्रतिद्रव्य लागते, तेही मागून घ्यावे. पिल्लू दहा दिवस नजरेखाली ठेवावे, मारून टाकू नये, पण त्याच्यावर लक्ष ठेवायचे म्हणून माणसाची लस लांबवू नये. पिल्लाला स्वतःला तीन महिन्यांचे झाल्यावर रेबीजची लस, पशुवैद्यकाने सांगितल्याप्रमाणे दुसरी मात्रा आणि मग दरवर्षी एक.

काही पिल्ले नेहमीच्या उपायांनी सुधारत नाहीत. अंग ताठ करून, डोळे रोखून, ओठ मागे ओढून चावणारे, स्पर्श केला की केकाटून दात मारणारे, किंवा कालपर्यंत गरीब असलेले आणि आज एकाएकी चावू लागलेले पिल्लू पशुवैद्यकाला दाखवावे. कानातला पू, पोटातले जंत, मोडलेले हाड यांपैकी काहीतरी अनेकदा सापडते. लाळ गळणे, गिळता न येणे, आवाज बदलणे किंवा मागचे पाय लटपटणे दिसले तर त्याला हात न लावता कोंडावे आणि लगेच कळवावे.

वर्षाचे होईपर्यंत चावतच राहिलेल्या कुत्र्याला ही शिकवण लागू पडायला फार वेळ लागतो. अशा वेळी मजूर येण्याच्या तासांना ते कुंपणाच्या आत, लांब दोरीवर, पाणी आणि सावली असलेल्या जागी ठेवावे. तोंडाला बसवायची जाळी रोज थोडा वेळ, खाऊ देत देत, सवयीची करावी, म्हणजे लस टोचताना किंवा जखम बांधताना ती वापरता येते. ऊसतोडीची टोळी दरवर्षी नवी असते. ती उतरली की पहिल्याच संध्याकाळी सालदाराने कुत्र्याला दोरीवर धरून कोप्यांपासून काही अंतरावर न्यावे. टोळीतल्या माणसांनी त्याच्याकडे न बघता भाकरीचे तुकडे टाकावेत, आणि त्याचे अंग सैल होऊन शेपटी हलेपर्यंत ते रोज करत राहावे.